मगन झिपरूची आठ दिवसांची मुदत

मगनचं भंगाराचं दुकान धुळ्यात पांझरा नदीच्या अंगाला होतं. 'होतं' लिहिताना मला बरं वाटत नाही, कारण ते बंद पडलं ते माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकतो. शेवटी सांगायचं ठरवलं तर तिथपर्यंत पोचता पोचता मी काहीतरी सबब शोधून काढेन, माझा मला अनुभव आहे.

माझं नाव तरुण, वय सेहेचाळीस. या विनोदावर लोक अजून हसतात, मी हसणं सोडलं. जळगावात आमचं साड्यांचं दुकान आहे, आजोबा मारवाडातून आले तेव्हापासूनचं. दुकान धाकटा भाऊ सांभाळतो. मी ऑर्डरी घ्यायला खान्देशभर फिरतो, आणि ऑर्डरींच्या नावाखाली जुने व्हिडिओ गेम शोधतो. टीव्हीला जोडायचे, वरून कॅसेट खोचायचे ते. चाललं नाही की कॅसेटमध्ये फुंकर मारायची आणि पुन्हा खोचायची. लहानपणी आमच्या गल्लीत तो एकाच घरी होता आणि ती पोरं मला फक्त बघायला बसवायची. बाबांकडे मागितला तर ते म्हणाले, दुकानात बस, तिथे रंग काय कमी आहेत? मला वाटतं माणूस चाळिशीच्या आगेमागे जे काही वेड्यासारखं करतो त्याचं मूळ अशाच कुठल्यातरी वाक्यात असतं.

तर मी भंगारवाल्यांकडे जातो, बंद पडलेल्या रिपेरिंगच्या दुकानांत जातो, आठवडेबाजारात जमिनीवर पसरलेल्या वायरींच्या ढिगात हात घालतो. रावेरला केळीच्या गोदामात वजनकाट्याखाली टेकू म्हणून लावलेला एक डबा मी लांबून ओळखला होता. या धंद्यात पहिला नियम असा की आपल्याला काय हवंय ते कळू द्यायचं नाही. आधी पंख्याची चौकशी करायची, मग इस्त्रीची, आणि निघता निघता सहज विचारायचं, 'आणि ते खेळणं कसलं पडलंय?'

मगनकडे पहिल्यांदा गेलो तेव्हा मी पंख्यापासूनच सुरुवात केली. तो खुर्चीवर नाही, उलट्या बादलीवर बसला होता. पन्नाशीचा, काटक, एका कानात तांब्याची बारीक बाळी. माझं पंख्याचं आख्यान त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"शेठ, पंखा तुमले नको शे," तो म्हणाला. "काय धुंडी राहिनात ते सांगा, मी काढी देस."

त्या दिवसापासून मी त्याच्यापाशी नाटक केलं नाही. निदान त्या दिवसापासून पुढची सहा वर्षं तरी नाही.

मगनचे वडील झिपरू डोक्यावर टोपली घेऊन गल्लोगल्ली फिरायचे. मगन तिसरीत असताना शाळा सुटली आणि तोही टोपलीमागे निघाला. दुकान झालं ते त्याच्या लग्नानंतर. झिपरूंच्या हातून एकदा एक रेडिओ फोडला गेला होता. तांब्याच्या तारेसाठी ते रेडिओ फोडायचेच, त्यात विशेष काही नव्हतं. पण तिसऱ्या दिवशी एक म्हातारा चालत आला आणि म्हणाला, सुनेने चुकून दिला, माझा रेडिओ द्या. झिपरूंनी त्याला ढिगाकडे बोट दाखवलं. म्हातारा दिवसभर त्या ढिगासमोर बसून राहिला आणि संध्याकाळी उठून गेला. ही गोष्ट मगनने मला चारपाच वेळा सांगितली असेल, आणि दर वेळी म्हातारा उठून गेला तिथे तो थांबायचा.

त्यावरून मगनने आपली एक पद्धत पाडली. घरातून आलेली वस्तू आठ दिवस फोडायची नाही, विकायची नाही, हलवायचीसुद्धा नाही. प्रत्येक घराची गोणी वेगळी आणि गोणीवर कोळशाने त्या घरच्या बाईचं नाव. आठ दिवसांत कोणी आलं तर वस्तू परत, आलं नाही तर मगनची. बाकीचे भंगारवाले हसायचे, जागा अडते म्हणायचे. मगन म्हणायचा, "वस्तू घरमातीन बाहेर पडनी म्हंजे सुटनी असं नही. माणूसना जीव आठ दिन तिनामांगे फिरस."

कानबाईच्या आधी तर त्याच्या दुकानात पाय ठेवायला जागा नसे. नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी घरोघरी बसते, आणि खान्देशात घराची खरी झाडलोट दिवाळीला नाही, तेव्हा होते. भिंती रंगतात, माळे रिकामे होतात. आणि त्याच वेळी पुण्या-सुरतेला गेलेले मुलगे घरी येतात, कारण रोटाला, म्हणजे कानबाईच्या नैवेद्याला, घरातला प्रत्येक पुरुष लागतो. येतात आणि विचारतात, माझी अमुक वस्तू कुठे आहे? म्हणून कानबाईच्या गोण्यांना मगनची मुदत जास्त होती. सोमवारी कानबाईचं विसर्जन होईपर्यंत तो गाठसुद्धा सोडत नसे. गल्लीतल्या बायका बिनधास्त सामान देऊन टाकायच्या. मगनकडेच आहे ना, मग आहे.

मला हे सगळं माहीत होतं. कोणी म्हणू नये की तरुणशेठला कल्पना नव्हती.

दोन वर्षांपूर्वी कानबाईच्या आदल्या गुरुवारी मी मगनकडे गेलो. त्याच सकाळी आलेल्या, अजून गाठ न मारलेल्या एका गोणीतून लाल-पांढऱ्या रंगाचा एक कोपरा दिसत होता. पांढरा आता दुधावरच्या सायीसारखा पिवळट झाला होता. मी हात घालून डबा बाहेर काढला. अस्सल जपानी. आपल्याकडे नव्वद सालानंतर आल्या त्या सगळ्या याच्या नकला. अस्सल ओळखायची एक खूण म्हणजे दुसऱ्या रिमोटवर छोटा माईक असतो. त्यात बोललं की आपला आवाज टीव्हीतून येतो. नकलांमध्ये तो नसतो. मी बावीस वर्षं जो डबा फक्त फोटोत बघत आलो होतो, तो माझ्या मांडीवर होता.

"कुणाचा?" मी विचारलं.

गोणीवर लिहिलेलं होतं, प्रमिलाबाई. मगनने सांगितलं, त्यांचे दीर बोटीवर नोकरीला होते, त्यांनी पुतण्यांसाठी आणला होता, मुंबईच्या कारागिराकडून आपल्या टीव्हीवर चालेल असा करून घेतलेला. प्रमिलाबाईंची थोरली सून दिपमाला, तिने माळा साफ करताना दिला.

मी म्हणालो, मला आजच दे. मगन म्हणाला, "नही शेठ. कानबाई गई का सोमवारले या. कोनी उनं नही तं तुमनाच."

मी विनवण्या केल्या. पुण्याचा एकजण मागावर आहे, तो उद्या येईल असंही सांगितलं, जे खोटं होतं. मगन हसून म्हणाला, येऊ द्या, त्यालाही सोमवार. मग बाहेर एक ट्रॅक्टर आला. कुणीतरी शेतातल्या ठिबकच्या जुन्या नळ्या ट्रॉली भरून आणल्या होत्या. मगन काट्याकडे गेला.

माझ्या गाडीत तसलाच एक डबा पडलेला होता. नशिराबादला मिळालेला, नक्कल, रंग हुबेहूब, तोही पिवळा पडलेला. मी तो आणला, गोणीत ठेवला, त्याचे दोन्ही रिमोट ठेवले, कॅसेटी होत्या तशा राहू दिल्या. अस्सल डबा साडीच्या पिशवीत घालून गाडीच्या डिकीत ठेवला. पाच मिनिटंसुद्धा लागली नसतील. एकदाही मागे वळून बघितलं नाही, हे मला नंतर जास्त लागलं. मनात इतकंच होतं की भंगारातला डबा तो भंगारातला डबा, कोण बघणार आहे? मगनचा चहा पिऊन मी निघालो. पारोळ्यापाशी दोनदा गाडी थांबवून डिकी उघडून बघितली.

घरी तो जोडला. माझी बायको रूपल या सगळ्याला कचरा म्हणते, पण त्या दिवशी तिनेही माईक हातात घेतला आणि म्हणाली, "जेवायला चला." तिचा आवाज टीव्हीतून आला. आम्ही दोघं लहान पोरांसारखे हसलो. कितीतरी दिवसांनी इतके हसलो.

रविवारी सकाळी आठला मगनचा फोन आला.

प्रमिलाबाईंचा धाकटा मुलगा स्वप्नील पाच वर्षांनी घरी आला होता. थोरल्या ज्ञानेश्वरशी त्याचं फाटलं होतं, लग्नावरून की जमिनीवरून मला नीट माहीत नाही. आईने फोनवर रडून रडून या वर्षी त्याला बोलावलं होतं. तो आपल्या सात वर्षांच्या मुलीला सांगत आला होता की आजीकडे माझा गेम आहे, त्यात बोललं की टीव्ही बोलतो. शनिवारी संध्याकाळी आल्या आल्या त्याने विचारलं. दिपमाला धावत मगनकडे गेली. मगनने गोणी जशीच्या तशी तिच्या हातात दिली, काय हलवलं असेल तर बघ म्हणाला. घरी जोडला तर माईकच नाही. स्वप्नील म्हणाला, हा माझा नाही, बदललाय. ज्ञानेश्वर म्हणाला, आला नाही तोच भांडण उकरायला लागला. कोणी म्हणालं मगनने बदलला, कोणी म्हणालं दिपमालाने मुद्दाम. रविवार उजाडला तरी तेच चाललं होतं आणि स्वप्नील बॅग भरत होता.

"शेठ, तुमले यामानं समजस," मगन म्हणाला. "तुम्ही ईसन खरं काय ते सांगा. तुमनं लोके ऐकतीन."

मी अस्सल डबा डिकीत घातला आणि निघालो. कबूल करायचंच असं ठरवून निघालो, हे खरं आहे. एरंडोलपर्यंत मी मोठ्याने तालीम करत होतो, की मगनचा काही दोष नाही, मी बदलला, हा घ्या. पारोळ्यापर्यंत त्याचं 'माझ्याकडून गैरसमजाने अदलाबदल झाली' इतकं झालं. धुळं आलं तेव्हा नुसता डबा मगनच्या हाती गुपचूप द्यावा असा विचार चालला होता.

प्रमिलाबाईंच्या ओट्यावर शेजारच्या बायका जमल्या होत्या. मला बघून त्यांनी वाट दिली. कोणीतरी आत सांगितलं, जळगावचे शेठ आले. मला खुर्ची दिली, पाणी दिलं. मगन उंबऱ्यापाशी उभा होता, त्याला कोणी बस म्हणालं नव्हतं. समोर चौरंगावर नथ घातलेली कानबाई, फुलांनी भरलेली, आणि आतून पुरणाचा वास. त्या खुर्चीने घात केला. उभा असतो तर बोललो असतो असं मी स्वतःला सांगत असतो. ते खरं असेलच असं नाही.

प्रमिलाबाई सत्तरीच्या, ठेंगण्या, पदर खोचलेला. त्यांनी तो नकली डबा माझ्यापुढे ठेवला. "भाऊ, तुम्हीच सांगा, हाऊच शे का तो? मनी सून बोल खाई राहिनी."

सगळे माझ्याकडे बघत होते. दिपमाला स्वयंपाकघराच्या दारात, डोळे सुजलेले. स्वप्नील माझ्याच दुकानात येणाऱ्या कुठल्याही गिऱ्हाइकासारखा, साधा, पोट सुटलेला, दाढीत दोन पांढरे केस. मी डबा उलटसुलट केला, जाणकारासारखं खाली वाकून बघितलं.

"हाच असतो हो," मी म्हणालो. "तेव्हाचे सगळे असेच. माईक वगैरे यात नसतो. लहानपणी माणसाला बऱ्याच गोष्टी वाटतात."

एका वाक्यात मगन सुटला, दिपमाला सुटली, मीही सुटलो. राहिला स्वप्नील.

"म्हणजे मी खोटं बोलतोय," तो म्हणाला. आवाज चढवला नाही. बॅग खांद्याला लावली आणि मुलीला म्हणाला, "चल, चप्पल घाल." ज्ञानेश्वर भिंतीकडे बघत राहिला. प्रमिलाबाई दारात आडव्या आल्या. त्यांच्या घरात प्रत्येक पुरुषाच्या नावाने सव्वा मूठ गहू काढून रोटाचं पीठ दळतात, आणि त्या घरचं ते अन्न बाहेरच्याला चालत नाही, उरवतही नाहीत. पाच वर्षं त्यांनी स्वप्नीलच्या नावाची मूठ काढली नव्हती, थोरला काढू देत नव्हता. या वर्षी काढली होती, दळूनही ठेवली होती.

"तुना नावना गहू दयेल शेत रे," त्या म्हणाल्या. "खाईसन जाय."

"कुणाच्या घरात खाऊ, आई? इथे मला सगळे खोटा म्हणतात," स्वप्नील म्हणाला आणि पायरी उतरला.

मी खुर्चीवरून उठलो आणि बायकांच्या मागून बाहेर पडलो. खरं तर पळालो. गाडीपाशी पोचलो तर मागे मगन.

"शेठ, डिकी उघाडा," तो म्हणाला.

मी त्याच्याकडे बघितलं. त्यालाच कीव आली असावी.

"गुरुवारले सकायमा, गोणी बांधाना पहिले, मी जोडीसन पाहेल व्हता, शेठ. त्यामा बोलनू. टीव्हीमातीन मनाच आवाज उना."

म्हणजे त्याला शनिवारीच कळलं होतं. त्या गोणीपाशी माझ्याशिवाय कोणी बसलं नव्हतं. त्याने मला साक्षीला बोलावलं नव्हतं, मला एक संधी दिली होती. आणि मी त्याच्यासमोर खुर्चीवर बसून डबा उलटसुलट करून बघितला होता.

मी डिकी उघडली. त्याने साडीच्या पिशवीतून डबा काढला, पिशवी घडी घालून मला परत दिली आणि गल्लीत गेला. स्वप्नील मुलीचा हात धरून पायरीखालीच उभा होता, आई त्याची बॅग सोडत नव्हती. मगनने डबा त्या दोघांच्या मध्ये पायरीवर ठेवला.

"अक्का, मनी चूक व्हयनी," तो सगळ्यांना ऐकू जाईल असा म्हणाला. "मीच बदली ठेयेल व्हता. पोऱ्या खरं बोली राहिना. त्याले घरमा ल्या."

बायका बोलायला लागल्या, एकदम सगळ्या. इतकी वर्षं आम्ही याच्यावर विश्वास टाकला. कोणी म्हणालं, याआधी काय काय बदललं असेल कोण जाणे. ज्ञानेश्वर पायऱ्या उतरून आला. मला वाटलं मगनला मारतो की काय. पण त्याने मगनकडे बघितलंसुद्धा नाही, भावाच्या खांद्यावरची बॅग काढून घेतली आणि आत गेला. स्वप्नील त्याच्यामागे गेला. मी गल्लीच्या तोंडाशी गाडीच्या दाराला धरून हे सगळं बघत होतो. वीस पावलांचं अंतर होतं. मी ते चाललो नाही.

स्वप्नील चार दिवस राहिला असं ऐकलं. मगनकडे त्या गल्लीतून पुन्हा गोणी आली नाही, मग शेजारच्या गल्लीतूनही नाही. भंगाराच्या धंद्यात सगळं बायकांच्या भरवशावर असतं, आणि बायकांचं बोलणं पाण्याच्या टँकरबरोबर गावभर फिरतं. दिवाळीच्या आधी त्याने दुकान आवरलं. आता तो दोंडाईच्याला स्टेशनजवळच्या एका गोदामात काट्यावर काम करतो. बायको सुनंदाबाई धुळ्यातच, दोन घरी पोळ्या करते.

मला त्याच्याकडे जायला पाच महिने लागले. तो मला बघून उठला, बसायला पोतं झटकून दिलं. मी माफी मागितली. माझे डोळे भरून आले, ते त्याने दुसरीकडे बघून टाळलं. शेवटी मी विचारलं की तू माझं नाव का घेतलं नाहीस? मला वाटत होतं तो मैत्री म्हणेल, सहा वर्षांचा घरोबा म्हणेल. मी ते ऐकायलाच गेलो होतो बहुतेक.

मगनने काट्यावरची माती फडक्याने पुसली.

"तुमनं नाव लेतू, तं तुम्ही नही म्हनतात," तो म्हणाला. "मंग लोके तुमनं ऐकतात का मनं? आनि तठे पोऱ्या पायरीखाले उभा व्हता."

यात राग नव्हता. काट्यावर वजन सांगावं तसं त्याने सांगितलं. मी तिथे तरी म्हणायला हवं होतं की नाही रे मगन, मी नाही म्हणालो नसतो. तेही म्हणालो नाही. दोंडाईच्याहून जळगावपर्यंत मी त्याच्याशी मनातल्या मनात भांडत आलो, मी इतका हलका माणूस नाही हे त्याला पटवत आलो. मग एक दिवस ठरवलं की पटवायचंच तर प्रमिलाबाईंच्या दारात जाऊन खरं सांगायचं. ठरवून वर्ष गेलं.

गेल्या महिन्यात धुळ्याला ऑर्डरीसाठी गेलो होतो. त्या गल्लीच्या तोंडाशी गाडी लावली, उतरलो, दहाबारा पावलं चाललोही. समोरून दिपमाला येत होती, हातात भाजीची पिशवी. तिने मला लगेच ओळखलं, थांबली, घरी चहाला चला म्हणाली. स्वप्नीलभाऊजी आता दर वर्षी येतात, सगळं छान चाललंय म्हणाली.

मी तोंड उघडलं.

"शेठ, त्या मगननी तुमना सारखा माणूसले बी फसाडं ना," ती कळवळून म्हणाली.

मी हो म्हणालो.